वावरातून पहिल्या दीर्घिका आणि कृष्णविवरं पाहायची आहेत, दुर्बीण किती इंची घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिग्रस तालुक्यातल्या एका गावात राहणारा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मित्र विचारतोय, की जेम्स वेब दुर्बिणीने शोधलेल्या विश्वाच्या सुरुवातीच्या दीर्घिका आणि कृष्णविवरं त्याला स्वतः पाहायची आहेत. 8 इंची दुर्बिणीपुरते पैसे घरात आहेत. वरचे कर्जाने उभे करून 12 इंची घ्यावी का? आणि कृष्णविवरातून प्रकाशच सुटत नाही, तर ते इतक्या लांबून दिसतं कसं? शेवटची ओळ अशी: "की हे काम पुण्या-मुंबईच्या लोकांचंच आहे?"

भाऊ, मी वाशीम जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवतो, आपल्याच भागातल्या आभाळाखाली बरीच वर्षं निरीक्षण करतो आणि दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट (तरंगलांबीनुसार पसरवलेला प्रकाश) तपासणं हा माझा रोजच्या संध्याकाळचा उद्योग आहे. कर्जाचं आधी सांगतो. काढू नका. कारण पैशाचं नाही, भौतिकशास्त्राचं आहे, आणि ते तुम्हाला स्वतः तपासता येईल.

वेबने शोधलेली जेडस-जीएस-झेड14-0 ही दीर्घिका घ्या. महास्फोटानंतर जेमतेम 30 कोटी वर्षांनी तिच्यातून निघालेला प्रकाश आज आपल्यापर्यंत पोचतोय. तिची ताम्रसृती सुमारे 14.2 आहे. म्हणजे निघताना जी तरंगलांबी होती ती विश्वाच्या प्रसरणाने 15.2 पट ताणली गेली. आता हायड्रोजनची लायमन-अल्फा नावाची रेषा घ्या, तरंगलांबी 0.1216 मायक्रॉन. तिला 15.2 ने गुणलं की 1.85 मायक्रॉन येतात. त्या काळात दीर्घिकांच्या मधली जागा उदासीन हायड्रोजनने भरलेली होती, आणि या रेषेपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश तो वायू वाटेतच खाऊन टाकतो. त्यामुळे या दीर्घिकेचा 1.85 मायक्रॉनच्या अलीकडचा प्रकाश आपल्यापर्यंत येतच नाही. आपल्या डोळ्याची धाव साधारण 0.7 मायक्रॉनपर्यंत. म्हणून 12 इंची काय, कितीही मोठा आरसा लावला तरी आयपीसमध्ये काही दिसणार नाही.

हाच गुणाकार उलटा करून पाहा. लायमन-अल्फा 0.7 मायक्रॉनच्या पुढे कधी जाते? ताम्रसृती 5 च्या जवळ आली की. तिथून पुढचं विश्व डोळ्याला बंद आहे. वेबचा आरसा 6.5 मीटरचा आहे हे सगळे सांगतात, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की ती दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, पाच पदरी छत्रीच्या सावलीत, उणे 230 अंशांच्या आसपास थंड बसलेली आहे. गरम वस्तू स्वतःच अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा लांब तरंगलांबीचा प्रकाश फेकते, आणि या दीर्घिकांचा प्रकाश त्याच पट्ट्यात येतो. आपलं वातावरण, आपली दुर्बीण, आपण स्वतः, सगळेच त्या प्रकाशात उजळलेले आहोत, आणि हवेतली वाफ वरून येणारा बराचसा अवरक्त प्रकाश शोषून घेते.

म्हणून तुमचा प्रश्न मी दोन भागांत मांडतो. स्वतःच्या डोळ्याने आपण किती लांब जाऊ शकतो? आणि जिथे डोळा संपतो, तिथलं काम गावात बसून करता येतं का?

पहिल्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा फार चांगलं आहे. 3सी 273 हा क्वेसार कन्या राशीत आहे. त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) 12.9 च्या आसपास, थोडी कमीजास्त होत राहते. अंधाऱ्या आभाळाखाली 8 इंची दुर्बिणीत तो दिसतोच, आणि हवा चांगली असेल तर 6 इंचीतही. दिसतो तो अगदी साध्या ताऱ्यासारखा ठिपका. पण तो प्रकाश सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी निघालाय आणि तो एका कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूचा आहे. 1963 मध्ये मार्टेन श्मिट यांनी याच ठिपक्याच्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या आणि तो आपल्या दीर्घिकेतला तारा नाही हे कळलं. 2018 मध्ये युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या ग्रॅव्हिटी उपकरणाने त्या वायूची गती मोजली, त्यातून कृष्णविवराचं वस्तुमान सुमारे 30 कोटी सूर्यांएवढं निघालं.

कृष्णविवर दिसतं कसं, याचं उत्तरही इथेच आलं. आपण विवर पाहत नाही. त्यात पडण्याआधी घासून, तापून, लाखो अंशांवर जाणारा वायू पाहतो. खाणं थांबलं की उजेडही मावळतो. दूरच्या विश्वातली जी कृष्णविवरं सापडतात ती सगळी खात असलेली. उपाशी असलेली तिथे कितीतरी असतील, ती आपल्या मोजणीत येत नाहीत. बातम्या वाचताना हे ध्यानात असू द्या.

शोधायचं कसं ते सांगतो. मार्चअखेर ते मेच्या मध्यापर्यंत, अमावास्येच्या आगेमागे. एप्रिलच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास कन्या मध्यमंडलावर येते आणि आपल्या अक्षांशावरून हा भाग 70 अंशांच्या वर असतो, म्हणजे क्षितिजाजवळच्या धुळीची अडचण नाही. कन्येतले गॅमा आणि ईटा हे दोन तारे धरा. त्यांच्या उत्तरेला त्रिकोणाचं टोक काढलं की तो परिसर. पुढे मात्र नकाशा लागतोच. स्टेलॅरियम फुकट आहे. त्याहून चांगलं म्हणजे एएव्हीएसओ या तेज बदलणाऱ्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या संकेतस्थळावर 3सी 273 चा तुलना-ताऱ्यांसह नकाशा काढून घ्या. त्यावर शेजारच्या ताऱ्यांच्या प्रती लिहिलेल्या असतात, त्यामुळे क्वेसार कोणापेक्षा उजळ आणि कोणापेक्षा मंद हे ठरवता येतं. ते नोंदवून ठेवलंत की नुसतं पाहणं राहत नाही, मापन होतं.

इथे आपल्या भागाच्या काही गोष्टी आहेत, त्या शहरातल्या पुस्तकांत सापडत नाहीत. एप्रिलमध्ये दिवसा पारा 42-43 ला असतो आणि टिनाच्या खोलीत ठेवलेला आरसा रात्री दहापर्यंत गरम राहतो. गरम आरशावरची हवा थरथरते, ठिपका फुगतो आणि 13 व्या प्रतीचा तारा आभाळात विरघळून जातो. दिवस मावळताच दुर्बीण बाहेर काढा, नळीचं तोंड उघडं ठेवा आणि दीड-दोन तास तिला हात लावू नका. दुसरं, याच महिन्यांत धुरे जाळतात आणि जंगलाकडच्या गावांत मोहफूल वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवतात. आपल्याला धूर दिसत नसला तरी आभाळाची पारदर्शकता जाते. वळवाचा एक सडाका येऊन गेल्यानंतरची रात्र सोडू नका, हवा धुतल्यासारखी होते. दिवाळीनंतरचं आभाळ एकूण चांगलं, पण तेव्हा कन्या पहाटे उगवते आणि दव आरशावर बसतं. मृगापासून चार महिने दुर्बीण कोरड्या जागी झाकून ठेवायची, त्याला इलाज नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. रात्री वावरात जाण्याआधी शेजारच्या वावरवाल्याला सांगून ठेवा. रोही आणि रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेलं असतं, अंधारात तार दिसत नाही. जागलीला असलेल्या माणसालाही माहीत हवं की धुऱ्यावर हललं ते जनावर नाही. पायात बूट हवेत, चप्पल नको. गावातल्या हायमास्टचा उजेड अडेल अशी एखाद्या गोठ्याची किंवा गंजीची आडोशाची बाजू निवडा. डोळ्याला अंधार सरावायला अर्धा तास द्या आणि तेवढ्यात एकदाही मोबाइल पाहू नका. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. ठिपक्याकडे सरळ न पाहता थोडं बाजूला पाहा, म्हणजे डोळ्याचा जास्त संवेदनशील भाग कामाला येतो.

12 इंचीने फरक पडतो तो पुढच्या एका पायरीवर. मार्जार (लिंक्स) तारकासमूहातला एपीएम 08279+5255 हा क्वेसार साधारण 15.2 प्रतीचा आहे. त्याचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून जास्त काळ प्रवास करतोय, ताम्रसृती 3.91. वाटेतल्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वीय भिंगाने तो आपल्यासाठी उजळ केलाय, नाहीतर इतका उजळ दिसलाच नसता. डोळ्याने तो 12 इंचीत काठावर, त्याहून मोठ्या आरशात बरा. पण माफक दुर्बिणीला कॅमेरा लावून, अनेक छायाचित्रं एकावर एक रचून हौशी निरीक्षकांनी तो टिपलेला आहे. त्यामुळे वर्ष-दोन वर्षांनी हाती पैसे आले तर मोठा आरसा घेण्याऐवजी आभाळाबरोबर फिरणारा माउंट (दुर्बिणीची बैठक) आणि कॅमेरा घ्या, असं मी म्हणेन. तुमच्या गावाजवळ असा सेटअप असलेलं कोणी असेल, किंवा मिळून खरेदी करणारे चार मित्र असतील, तर हिशेब बदलतो. ते तुम्हालाच ठाऊक.

आता दुसरा भाग, आणि माझा जीव खरा यातच आहे.

दूरच्या दीर्घिकेच्या कामात सगळ्यात अवघड काय, तर ती दूर आहे हे सिद्ध करणं. छायाचित्रात एक लालसर ठिपका दिसतो. तो जवळची धुळकट दीर्घिका असू शकतो, आपल्याच आकाशगंगेतला थंड तारा असू शकतो, किंवा खरोखर विश्वाच्या पहाटेचा असू शकतो. पहिली चाळणी फिल्टरची असते. लांबच्या तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये ठिपका आहे आणि आखूड तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये अचानक गायब, तर हायड्रोजनने तोडलेला प्रकाश असावा असा अंदाज बांधतात. फक्त अंदाज. वेब सुरू झाल्यावर सीईईआरएस-93316 या ठिपक्याची ताम्रसृती अशाच अंदाजाने 16 च्या वर निघाली होती. तेव्हाच्या सगळ्या विक्रमांच्या पुढे. 2023 मध्ये वर्णपट घेतला तर ती 4.9 ठरली. त्या दीर्घिकेत धूळ होती, आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या झगझगीत रेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या होत्या की एकूण रंग फार दूरच्या दीर्घिकेसारखा दिसला. यात कोणी हलगर्जीपणा केला नव्हता. फोटोतून एवढंच कळतं, म्हणून वर्णपट लागतो.

आणि हे वर्णपट खुले आहेत. वेबचा मूळ डेटा मास्ट या संग्रहात असतो, बराचसा ठरावीक मुदतीनंतर आणि काही मोठ्या सर्वेक्षणांचा लगेच सर्वांसाठी खुला होतो. पण मास्टपासून सुरुवात करू नका, त्या कच्च्या फाइली फार मोठ्या असतात आणि आपल्याकडचं नेट मध्येच दम तोडतं. डेन्मार्कच्या कॉस्मिक डॉन सेंटरने प्रक्रिया करून ठेवलेले वर्णपट डॉन जेडब्ल्यूएसटी आर्काइव्हवर आहेत. एका वर्णपटाची फाइल लहान असते, मोबाइलच्या डेटावरही उतरते. पायथनसाठी गूगल कोलॅब ब्राउझरमध्येच चालतं, भारी लॅपटॉपची गरज नाही. फाइलमध्ये तीन गोष्टी शोधायच्या: तरंगलांबी, प्रकाशाचं प्रमाण आणि त्यातली त्रुटी. तिसऱ्या रकान्याकडे नवीन माणूस पाहत नाही, तुम्ही पाहा. त्रुटीपेक्षा कमी उंचीचा उंचवटा म्हणजे रेषा नव्हे.

एक उदाहरण हाताने करून दाखवतो. समजा आलेखात 3.005 मायक्रॉनवर एक उंच रेषा आहे आणि तिच्या डावीकडे 2.976 वर तिच्या साधारण एक तृतीयांश उंचीची दुसरी. दुहेरी आयनित ऑक्सिजनच्या दोन रेषा मूळ 0.5008 आणि 0.4960 मायक्रॉनवर असतात आणि त्यांच्या तेजाचं प्रमाण जवळपास 3 ला 1 असंच असतं. ते अणूच्या रचनेनेच ठरलेलं आहे. 3.005 भागिले 0.5008, उत्तर 6. 2.976 भागिले 0.4960, उत्तर पुन्हा 6. म्हणजे ताम्रसृती 5. पण इथे थांबायचं नाही. हे खरं असेल तर हायड्रोजनची बीटा रेषा 0.4863 गुणिले 6, म्हणजे 2.918 वर दिसली पाहिजे आणि अल्फा रेषा 3.939 वर. दोन्ही जागेवर सापडल्या, तर त्या ठिपक्याचा प्रकाश बारा अब्ज वर्षांहून जुना आहे हे तुम्ही स्वतः सिद्ध केलंत. एक सूचना: हे करताना मध्यम विभेदनाचा, म्हणजे ग्रेटिंगचा वर्णपट निवडा. प्रिझमच्या वर्णपटात त्या दोन ऑक्सिजन रेषा एकमेकींत मिसळून जवळजवळ एकच दिसतात.

कृष्णविवर शोधायचं तर त्याच आलेखात रेषांची रुंदी पाहा. कृष्णविवराजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो, काही आपल्याकडे, काही पलीकडे, त्यामुळे हायड्रोजनची अल्फा रेषा दोन्ही बाजूंनी पसरते. वेगाचा पसारा सेकंदाला 2000 किलोमीटर असेल तर वरच्या उदाहरणात ती सुमारे 0.026 मायक्रॉन रुंद होईल, आणि ग्रेटिंगमध्ये ते सहज दिसतं. आता ऑक्सिजनच्या रेषा पाहा. त्या विवरापासून लांबच्या विरळ वायूतून येतात. हायड्रोजन रुंद आणि ऑक्सिजन अरुंद, तर बहुधा आत कृष्णविवर आहे. दोन्ही रुंद असतील तर दीर्घिकेतून वायू जोरात बाहेर फेकला जात असण्याची शक्यता आधी तपासा. वेबने शोधलेले जे छोटे लाल ठिपके सध्या गाजताहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांत अशीच रुंद हायड्रोजन रेषा आहे, पण बहुतेकांकडून अपेक्षित क्ष-किरण मात्र येत नाहीत. ते नक्की काय आहेत यावर अजून वाद चालू आहे. कामाला लागायला हीच उत्तम वेळ आहे.

हे सगळं इतकं महत्त्वाचं का, तेही एका हिशेबातून सांगतो. यूएचझेड1 ही दीर्घिका एबेल 2744 या दीर्घिकासमूहाच्या मागे आहे. चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीने तिच्यातले क्ष-किरण टिपले आणि 2023 मध्ये तिथे कृष्णविवर असल्याचं जाहीर झालं. महास्फोटानंतर फक्त 47 कोटी वर्षांनी. वस्तुमानाचा अंदाज 1 ते 10 कोटी सूर्य. आपण 4 कोटी धरू. कृष्णविवराची वाढ सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी असते, जितकं मोठं तितकं जास्त खातं, पण त्याच्याच उजेडाचा दाब येणाऱ्या वायूला मागे रेटतो. त्या मर्यादेत राहून वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण 3 ते 3.5 कोटी वर्षं लागतात. पहिल्या ताऱ्यांतून 100 सूर्यांचं विवर जन्मलं असं धरा. 100 वरून 4 कोटी व्हायला जवळपास 19 वेळा दुप्पट व्हावं लागेल, म्हणजे किमान 57 कोटी वर्षं. आणि विश्वाचं वय तेव्हा 47 कोटी! पहिले तारे पेटायलाच त्यातली बरीच वर्षं गेलेली.

मग एक तर विवराने मर्यादा मोडून खाल्लं, किंवा त्याचं बी मुळातच मोठं होतं. येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन दुसऱ्या शक्यतेवर कितीतरी आधीपासून काम करत आहेत: तारा न बनताच वायूचा प्रचंड ढग थेट कोसळतो आणि लाखभर सूर्यांचं विवर तयार होतं. 1 लाखापासून सुरुवात केली तर नऊएक दुपटी पुरतात, साधारण 30 कोटी वर्षांत काम होतं. माझा कल याच बाजूला आहे, कारण यूएचझेड1 मध्ये कृष्णविवराचं वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या मिळून वस्तुमानाच्या तोडीचं दिसतं, आणि मोठं बी असेल तर तसंच व्हायला हवं. पण एका दीर्घिकेवरून निकाल लागत नाही. वेगवेगळ्या वयांची अशी विवरं मोजावी लागतील, आणि ती मोजणी या खुल्या वर्णपटांतूनच होणार आहे.

पुण्या-मुंबईचं म्हणाल, तर पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या खुल्या डेटातूनच अलकनंदा ही सर्पिल दीर्घिका शोधली, 2025 मध्ये. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचं असताना तिला दोन रेखीव बाहू होते. तोच डेटा तुम्हाला दिग्रसमध्ये उतरवता येतो. फरक प्रशिक्षणाचा आहे आणि तो खरा आहे. सांख्यिकी, वर्णपटशास्त्र आणि इंग्रजी शोधनिबंध वाचण्याची सवय, याला दोन-तीन वर्षं लागतात. बीएस्सीला गणित असेल तर सोडू नका. सुट्टीत आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र संस्थेच्या विद्यार्थी कार्यक्रमाकडे लक्ष ठेवा. रेडिओ दीर्घिका आणि कृष्णविवरांचे झोत पाहायचे असतील तर खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा वापरणारा रॅड ॲट होम हा उपक्रम भारतातल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. आणि अगदी आजपासून, मोबाइलवरून काही करायचं असेल तर गॅलॅक्सी झू, म्हणजे सामान्य लोकांनी दीर्घिकांची छायाचित्रं पाहून त्यांची वर्गवारी करायचा संकेतस्थळावरचा प्रकल्प. तिथे 2007 मध्ये हॅनी व्हान आर्केल या डच शाळाशिक्षिकेने एका दीर्घिकेशेजारचा विचित्र ढग दाखवून दिला. तो विझत गेलेल्या क्वेसारच्या जुन्या उजेडाने चमकत होता, हे नंतर उलगडलं. तोवर संशोधकांचं त्याकडे लक्ष गेलं नव्हतं.

तर माझा सल्ला: 8 इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), रोखीने, स्वतःच्या पैशात. चैत्र-वैशाखात 3सी 273. आणि पावसाळ्याचे चार महिने वर्णपट, तेव्हा आभाळ तसंही मिळत नाही.

पहिला वर्णपट निवडताना ताम्रसृती 4 ते 6 च्या दरम्यानचा, रेषा ठळक असलेला घ्या, विक्रमी दीर्घिकांच्या मागे लगेच लागू नका. त्यांच्या वर्णपटात रेषा इतक्या क्षीण असतात की नवीन माणसाला गोंगाटच दिसतो. आलेख काढलात की इथेच टाका, सोबत ग्रेटिंगचं नाव आणि तुम्ही ओळखलेल्या प्रत्येक रेषेची तरंगलांबी लिहा. मी रोज रात्री नऊनंतर इथे असतो, पाहून सांगेन.